परदेशी राबलेल्यांच्या हक्काची नोंदवही

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगारांच्या हक्कांचा विचार करताना आपल्या चळवळीत मजुरी, बोनस आणि महागाईभत्ता हे विषय पहिल्या रांगेत येतात, आणि ते योग्यच आहे. मजुरी महिन्याच्या महिन्याला हातात पडते. ती पडली नाही तर कामगाराला त्याच दिवशी कळते आणि दुसऱ्या दिवशी तो कारखान्याच्या फाटकावर बसू शकतो. निवृत्तिवेतनाचे तसे नाही. आज पगारातून कापलेला पैसा तीस-चाळीस वर्षांनी परत मिळावयाचा असतो. दरम्यान मालक बदलतो, कारखाना बंद पडतो, हजेरीपटाला वाळवी लागते, आणि ज्या कारकुनाला सर्व माहीत होते तो स्वतःच निवृत्त होऊन गावी जातो. त्यातून राबणे एका देशात आणि म्हातारपण दुसऱ्या देशात असे झाले, तर फाटकावर बसण्याचीही सोय उरत नाही. कारण फाटक सहा हजार किलोमीटरवर असते. अशा हक्काला एकच आधार राहतो, तो म्हणजे नोंद. किती वर्षे काम केले, किती वर्गणी भरली, दावा कोणत्या तारखेला कोणत्या कचेरीत दिला, आणि तो आज कोणाच्या मेजावर आहे. विषय रुक्ष वाटेल, पण या चार रकान्यांवर लक्षावधी कुटुंबांचे म्हातारपण अवलंबून आहे.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. पिंपरीच्या एका फिटरने आठ वर्षे येथे काम केले, मग तो जर्मनीस गेला आणि तेथे चार वर्षे राबून परत आला, असे समजा. आपल्या १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मासिक पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. जर्मन विम्यात किमान पाच वर्षे लागतात. म्हणजे या माणसाने एकूण बारा वर्षे दोन्हीकडे वर्गणी भरली, आणि दोन्हीकडे तो अपात्र ठरला! त्याने काही चुकविले नाही, कामात खंड पाडला नाही. त्याचा एकमेव अपराध असा की त्याच्या आयुष्याच्या मधोमध एक सरहद्द होती. या अन्यायावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वीच शोधला गेला आहे. दोन्ही देशांनी एकमेकांच्या नोंदी मान्य करावयाच्या, पात्रतेपुरती वर्षांची बेरीज करावयाची, आणि मग प्रत्येकाने आपापल्या वाट्याची पेन्शन द्यावयाची. बारा वर्षे ही दहापेक्षाही जास्त आणि पाचपेक्षाही. जर्मनी आपल्या चार वर्षांपुरते देईल, भारत आपल्या आठ वर्षांपुरते. कोणावर उपकार नाही, कोणावर बोजा नाही.

या व्यवस्थेचा पहिला अंकुर १५ एप्रिल १९०४च्या फ्रान्स-इटली करारात दिसतो. फ्रान्सच्या कारखान्यांत इटालियन मजूर मोठ्या संख्येने होते; त्यांच्या बचतीचे पैसे आणि अपघाताची भरपाई यांत देशीय-परदेशीय असा भेद करू नये, हे तत्त्व त्या करारात आले. १९२५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अपघात-भरपाईत समान वागणुकीचा ठराव क्रमांक १९ केला, आणि पारतंत्र्यातील हिंदुस्थानानेही १९२७ साली त्याला मान्यता दिली. पुढे १९६२चा ठराव क्रमांक ११८ सामाजिक सुरक्षेच्या सर्व शाखांसाठी आला. स्वतंत्र भारताने १९६४ साली तो स्वीकारला खरा. पण स्वीकारल्या त्या तीनच शाखा, वैद्यकीय मदत, आजारपण आणि बाळंतपण. म्हातारपणाची शाखा बाहेर राहिली. वर्षांची बेरीज आणि हक्कांचे जतन यांविषयीचा १९८२चा ठराव क्रमांक १५७ फिलिपाईन्सने मान्य केला, स्पेनने मान्य केला. भारताने केला नाही. ज्या देशाची माणसे जगभर राबतात त्या देशाने या बाबतीत मागे राहावे, याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

करार होणे ही अर्धीच लढाई असते, हे युरोपच्या अनुभवाने शिकविले. १९४६ साली इटली आणि बेल्जियम यांच्यात जो व्यवहार झाला तो अगदी उघड होता: इटलीने माणसे द्यावयाची, बेल्जियमने कोळसा द्यावयाचा. माणसे गेली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेल येथील खाणीत आग लागून २६२ कामगार मरण पावले. त्यांतले १३६ इटालियन होते. त्या खाणींत ज्यांना आगीने मारले नाही त्यांना धुळीने मारले. फुफ्फुसे दगडावलेले खाणकामगार आपल्या गावी परतले आणि बेल्जियमच्या विम्याकडे दावे करू लागले. तेव्हा प्रश्न उभा राहिला तो रोगाचा नव्हे, कागदाचा. कोणत्या खाणीत, किती पाळ्या, किती खोल? दाखला फ्रेंचमध्ये, डॉक्टर इटलीत, निर्णय ब्रुसेल्समध्ये. आणि बेल्जियमने सिलिकोसिसला व्यवसायजन्य रोग म्हणून मान्यता द्यावयासच १९६०चे दशक उजाडले.

येथे इटालियन कामगार चळवळीने जे केले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. १९४५ साली तेथील सर्वसाधारण कामगार महासंघाने ‘इन्का’ नावाची एक संस्था काढली. तिचे काम संप करविणे नव्हे, दावे चालविणे. परदेशी गेलेल्या कामगाराच्या नावे फाईल उघडावयाची, त्याचे विमा-कालावधी दोन्ही देशांतून जमवावयाचे, अर्ज भरून द्यावयाचा, आणि निकाल लागेपर्यंत त्याचा माग सोडावयाचा नाही. इतर महासंघांनीही आपापल्या अशा संस्था उभारल्या, कॅथलिक कामगारांनीही उभारली. १९४७ साली कायद्याने त्यांना मान्यता मिळाली, आणि विम्याच्या वर्गणीतला एक लहान हिस्सा त्यांच्या खर्चासाठी राखून ठेवण्यात आला. बेल्जियम, फ्रान्स, जर्मनी, अर्जेंटिना, जेथे इटालियन कामगार तेथे त्यांची कचेरी. दावा करणाऱ्याकडून वकिलाची फी घ्यावयाची नाही हा दंडक. लढाऊपणा आणि कारकुनी यांत विरोध आहे असे मानण्याची आपल्याकडे एक खोड आहे. त्या कामगारांना ती परवडण्यासारखी नव्हती.

युरोपीय आर्थिक समाजाने १९५८ साली स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेविषयी नियम केला. त्याचा क्रमांक होता तीन. म्हणजे त्या समाजाच्या अगदी पहिल्या कायद्यांपैकी तो एक. व्यापाऱ्यांच्या बाजारपेठेला मजुरांची ये-जा हवी होती म्हणून ही घाई झाली, हे खरेच. तरीही जे पदरात पडले ते कामगारांच्या उपयोगाचे होते. या व्यवस्थेतले एक कलम वरवर क्षुल्लक वाटते. कामगाराने आपल्या राहत्या देशातील कचेरीत दावा ज्या तारखेला दिला, तीच तारीख दुसऱ्या देशातही दाव्याची तारीख मानली जाईल. कागद वाटेत सहा महिने रखडला तरी ते नुकसान कामगाराचे नव्हे. पेन्शन कधीपासून लागू होणार, थकबाकी किती मिळणार, मुदत टळली की नाही, हे सर्व त्या तारखेवर ठरते. म्हणून कारकुनाने पोच देताना मारलेला तारखेचा शिक्का हा दाव्याचा प्राण आहे. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज.

आता आपल्या घराकडे वळू. भारताने पहिला सामाजिक सुरक्षा करार २००६ साली बेल्जियमशी केला; तो १ सप्टेंबर २००९ पासून अमलात आला. त्यानंतर जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, डेन्मार्क, लक्झेंबर्ग, दक्षिण कोरिया, नेदरलँड्स, हंगेरी, स्वीडन, फिनलंड, चेक प्रजासत्ताक, नॉर्वे, ऑस्ट्रिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, पोर्तुगाल अशी यादी वाढत गेली. भारताच्या बाजूने हे काम भविष्यनिर्वाह निधी संघटनेकडे आहे. कागदावर ही कामगिरी वाईट नाही. परंतु या करारांचा इतिहास जरा जवळून पाहिला की त्यांचा कल कोणाकडे आहे ते कळते.

प्रत्येक पूर्ण करारात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली अशी, की भारतीय कंपनीने आपला माणूस काही वर्षांसाठी तिकडे पाठविला तर त्याच्यासाठी तेथे पुन्हा वर्गणी भरावी लागू नये. त्यासाठी येथे वर्गणी चालू असल्याचे प्रमाणपत्र मिळते. ही सवलत प्रामुख्याने मालकाची आहे. त्याचा खर्च वाचतो. दुसरी गोष्ट वर सांगितलेली वर्षांची बेरीज आणि पेन्शनचा दावा; ती कामगाराची आहे. जर्मनीशी २००८ साली झालेला पहिला करार फक्त पहिल्या गोष्टीपुरता होता आणि तो ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आला. बेरजेची सोय असलेला सर्वंकष करार २०११ साली झाला, पण अमलात यावयास १ मे २०१७ उजाडली. मालकाचे प्रमाणपत्र आधी आले, कामगाराची पेन्शन साडेसात वर्षांनी. ब्रिटनशी २०२५ साली व्यापार कराराबरोबर जे ठरले तेही दुहेरी वर्गणी टाळण्यापुरतेच. तेथे वर्षांच्या बेरजेचे नावही नाही.

ब्रिटनचे उदाहरण आणखी एका कारणाने बोलके आहे. तेथे आयुष्य घालवून भारतात परतलेल्या वृद्धाला ब्रिटिश सरकारी पेन्शन मिळते. पण ती ज्या दिवशी येथे सुरू झाली त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. महागाईप्रमाणे होणारी वार्षिक वाढ त्याला मिळत नाही, कारण तशा वाढीचा करार भारताशी नाही. त्याच्याच पाळीत, त्याच यंत्रावर काम केलेला सोबती युरोपात राहावयास गेला तर त्याला वाढ मिळते. वर्गणी तीच, नोंद तीच, वर्षे तीच. फरक फक्त पत्त्याचा. याविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या कार्सनबाईंनी दाद मागितली. २००५ साली ब्रिटनच्या उमराव सभेत आणि २०१० साली स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात त्या हरल्या. हा प्रश्न राज्याराज्यांतील करारांचा आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे जो करार करावयाचा तो सरकारने, आणि तो न झाल्याचा दंड म्हाताऱ्याला!

अमेरिकेविषयी मात्र आपल्याकडे पुष्कळ ओरड ऐकू येते. तेथे पगाराच्या ६.२ टक्के कामगाराकडून आणि तितकेच मालकाकडून सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात, आणि पेन्शनसाठी चाळीस तिमाह्या, म्हणजे दहा वर्षे, भरावी लागतात. तात्पुरत्या व्हिसाची सर्वसाधारण मुदत सहा वर्षांची. सहा वर्षे वर्गणी द्यावयाची आणि दहा वर्षांच्या अटीवर रिक्त हाताने परत यावयाचे, हा अन्याय उघड आहे. सुमारे तीस देशांशी अमेरिकेचे बेरजेचे करार आहेत, भारताशी नाही. तो व्हावा, ही मागणी रास्तच आहे, आणि संगणकावर काम करणारा तरुण कामगार नव्हे असे म्हणण्याचा मूर्खपणा कोणी करू नये. पण या मागणीचा आवाज एवढा मोठा का, याचे उत्तर तरुणांच्या संख्येत नाही. त्यांना पाठविणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबवहीत आहे. जेथे मालकाचाही पैसा अडकतो तेथे शासनाचा कंठ फुटतो.

आणि जेथे करार आहे तेथेही कामगाराच्या वाट्याला काय येते? दावा करावयाचा कसा, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते. त्याहून घातक गोष्ट अशी, की तो दावा करण्याच्या आधीच आपल्या हाताने आपली नोंद पुसून बसतो. परदेशी जाताना पैशांची निकड असते. एजंटाचे पैसे, तिकिटाचे पैसे, घरी ठेवावयाचे पैसे. त्या वेळी कोणी तरी सांगतो, ‘फंडाचे पैसे काढून घे.’ दहा वर्षांपेक्षा कमी सेवा असलेल्याला पेन्शन योजनेतून एकरकमी रक्कम काढता येते. ती काढली की ती वर्षे संपली. पुढे बेरजेला शिल्लक राहत नाहीत. याला दुसरा मार्ग आहे. पैसे न काढता योजना-प्रमाणपत्र घेतले तर ती सेवा जिवंत राहते. दोन्हींचा अर्ज एकाच नमुन्यावर आहे. फरक एका खुणेचा. त्या एका खुणेत आठ वर्षे जातात किंवा राहतात. जर्मनीतही असेच एक आमिष आहे. युरोपबाहेर परतलेल्या कामगाराला काही अटींवर चोवीस महिन्यांनंतर वर्गणी परत मिळू शकते. पण मिळते ती त्याच्या वाट्याचीच, मालकाचा वाटा तेथेच राहतो, आणि तो पैसा घेतला की जर्मनीतील त्याची सर्व विमा-वर्षे रद्द होतात. गरजेपोटी माणूस रोख रक्कम निवडतो. त्याला दोष देणारे आपण कोण? पण निवड करण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा हिशेब त्याच्यासमोर मांडणारा कोणी तरी असला पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या दारात येऊन उभा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. सुरुवातीस दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, गवंडी. हे लोक भारतीय कंपनीने तात्पुरते पाठविलेले नव्हेत. जर्मन मालकाच्या नोकरीत जाणारे आहेत. म्हणजे त्यांची वर्गणी जर्मन विम्यात पडणार. त्यांना जर्मन भाषा शिकविण्याची चर्चा झाली, आणि ती व्हावयासच हवी. पण आज पंचवीस वर्षांची असलेली मुलगी अठ्ठावन्नाव्या वर्षी भारतीय पेन्शनला पात्र होईल आणि सदुसष्टाव्या वर्षी जर्मन पेन्शनला. मध्ये नऊ वर्षांचे अंतर. पहिला दावा दिला म्हणजे दुसरा आपोआप झाला, असे समजून ती बसली तर? तिची आजची नोंद त्या दिवशी कोण काढून दाखविणार? तिच्या पासपोर्टावर माहेरचे नाव, फंडाच्या खात्यात सासरचे, जर्मन विम्याच्या पत्रात दोन्हींची भलतीच जोडणी. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये लिहितात, तिकडे ते कधी पहिल्या नावाला चिकटते तर कधी आडनाव बनते. एका नावाची तीन माणसे होतात, आणि तिन्ही अपात्र ठरतात. परदेशी राहणाऱ्या पेन्शनरावर हयातीच्या दाखल्याचाही जाच असतो. ते पत्र जुन्या पत्त्यावर गेले, उत्तर आले नाही, की जिवंत माणसाची पेन्शन थांबते.

येथवर ज्यांची गोष्ट सांगितली त्यांच्या मागे निदान एखादा करार तरी आहे. आखातात गेलेल्यांच्या मागे तोही नाही. रत्नागिरी आणि रायगड या जिल्ह्यांतली किती तरी गावे दोन-तीन पिढ्या आखाताच्या पैशावर उभी आहेत. तेथे पेन्शन आहे ती प्रामुख्याने त्या देशांच्या नागरिकांना. परदेशी कामगाराला काम संपल्यावर मालकाने एकरकमी ग्रॅच्युइटी द्यावयाची असते. सौदी कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे दर वर्षी एका महिन्याचा. ही रक्कम कोणत्याही सार्वजनिक निधीत जमा होत नसे. ती मालकाच्या मर्जीत आणि मालकाच्या तिजोरीत राहत असे. बहारीनने मार्च २०२४ पासून मालकांना ती महिन्याच्या महिन्याला सरकारी विमा संस्थेकडे भरावयास लावले आहे; हे पाऊल लहान असले तरी दिशा बरोबर आहे, कारण त्यामुळे प्रथमच या पैशाची मालकाबाहेर कोठे तरी नोंद होऊ लागली. सौदी अरेबियात कामावरच्या अपघाताचा विमा परदेशी कामगारांनाही लागू आहे, त्याचे दोन टक्के मालक भरतो. जखमी होऊन परतलेल्या किती जणांना हे ठाऊक असते? आणि कामासंबंधीचा दावा करण्याची मुदत तेथे काम संपल्यापासून बारा महिन्यांची आहे. आजारी माणूस गावी येतो, बरा होतो, चौकशी सुरू करतो, तोवर वर्ष उलटलेले असते.

मृत्यूनंतरच्या दाव्यांची वाट तर पायाला फोड आणणारी. मालकाकडून वा न्यायालयाकडून रक्कम भारतीय वकिलातीकडे येते; तेथून अनेक प्रकरणांत ती वारसांना देण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविली जाते; जिल्हाधिकारी तहसीलदारांकडून वारसांचा अहवाल मागवितात; तहसीलदार तलाठ्याकडून. अरबी भाषेतला एक मृत्युदाखला, इंग्रजीतला एक मुखत्यारनामा आणि मराठीतला एक पंचनामा अशी ती फाईल वाढत जाते. मंडणगडची विधवा तहसिलीत विचारते, तर कागद जिल्ह्याला गेले; जिल्ह्याला विचारते, तर दिल्लीहून उत्तर नाही; दिल्लीला विचारणार कोण? या साखळीत प्रत्येक कचेरीपाशी आपापला आवक-जावक क्रमांक आहे. पण विधवेच्या हातात एकही क्रमांक असा नाही, की जो सर्व कचेऱ्यांना लागू पडेल.

परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ साली ‘मदद’ नावाची संगणकीय व्यवस्था सुरू केली आणि परदेशस्थ भारतीयांच्या तक्रारींना क्रमांक मिळू लागला, हे नमूद केले पाहिजे. पण तक्रार निराळी आणि दावा निराळा. वकिलातीने मालकाला पत्र लिहिले की तक्रारीवर कार्यवाही झाली. दावा मात्र पैसा मिळेपर्यंत जिवंत असतो. शिवाय येथे नोंदविलेल्या तक्रारीची तारीख तिकडच्या कामगार न्यायालयावर बंधनकारक नाही. ज्या कलमाचे महत्त्व वर सांगितले ते नेमके येथे नाही.

उलट माणूस जाताना पाहा. १९८३च्या परदेशगमन कायद्याखाली, दहावी न झालेल्या मजुराला आखाती देशांसह अठरा देशांकडे जावयाचे तर परवाना लागतो. त्याचा करार, मालकाचे नाव, पगार, एजंटाचा परवाना क्रमांक, विम्याची पावती, सर्व ‘ई-मायग्रेट’ या दफ्तरात चढते. म्हणजे शासनाजवळ तो कोणाकडे, किती पगारावर गेला, याची नोंद आहे. २०२०च्या साथीत लक्षावधी कामगार परत आले. त्यांच्यासाठी ‘स्वदेस’ नावाचे एक दफ्तर उघडले गेले. ते येथे नोकरी शोधण्यासाठी त्यांच्या कसबांचे दफ्तर होते, थकलेल्या देण्यांचे नव्हे. किती महिन्यांचा पगार बुडाला, किती वर्षांची ग्रॅच्युइटी राहिली, हे त्याच दिवशी, त्याच विमानतळावर, जाण्याच्या नोंदीशी जोडून लिहून घेता आले असते.

दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींची हकीगत या ठिकाणी आठवते. लेसोथो, मोझांबिक, मलावी येथून मजूर भरती करणाऱ्या संस्थेजवळ प्रत्येक मजुराच्या कराराची नोंद होती. खाणीला माणूस पुरविण्यात त्या दफ्तराने कधी कसूर केली नाही. तेच मजूर सिलिकोसिस आणि क्षय घेऊन डोंगरातल्या गावी परतले, तेव्हा त्यांना शोधणारे दफ्तर कोठे नव्हते. भरपाई आयुक्तांच्या कचेरीत दावे वर्षानुवर्षे पडून राहिले. अखेर कामगारांनी सामुदायिक दावा लावला. २०१९ साली जोहान्सबर्गच्या न्यायालयाने सहा खाणकंपन्यांशी झालेली पाच अब्ज रँडची तडजोड मान्य केली आणि ते पैसे वाटण्यासाठी न्यास स्थापन झाला. मग त्या न्यासाला जुन्या भरतीच्या नोंदी उघडून गावोगाव माणसे शोधत फिरावे लागले. त्यांतले कित्येक तोवर मेले होते.

फिलिपाईन्स हाही काही श्रीमंत म्हणावा असा देश नव्हे. त्याने २०१८च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या कामगारांना आपल्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत सक्तीने सामील केले आणि त्या व्यवस्थेच्या कचेऱ्या परदेशांतही चालविल्या. त्यातही दोष आहेत. मालकाच्या वाट्याचाही भार पुष्कळदा कामगारालाच उचलावा लागतो, ही तेथील तक्रार खरी आहे. पण परदेशी राबण्याची वर्षे स्वदेशीच्या खात्यात कोरी राहू नयेत, हे त्यांनी जाणले. आपल्याकडील नाविकाचे पाहा: १९६६च्या कायद्याने त्याच्यासाठी स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी मुंबईत स्थापन झाला, त्याच्या सीडीसीवर प्रत्येक सफरीची नोंद होते, म्हणजे देशोदेशी हिंडणाऱ्या माणसाचीही वर्षे मोजता येतात, हे आपण पूर्वीच सिद्ध केले आहे. मोजण्याचे तंत्र नाही, असे म्हणण्यास जागा नाही.

तेव्हा मागण्या कोणत्या, हे आता स्पष्ट आहे. आखाती देशांशी होणाऱ्या प्रत्येक मजूर-करारात, येथे दिलेल्या दाव्याची तारीख तेथे ग्राह्य धरण्याचे कलम असावे. दाव्याला एकच क्रमांक असावा आणि तो वकिलातीपासून तलाठ्यापर्यंत चालावा. फंडाचे पैसे काढणाऱ्याला, तू परदेशी जात आहेस काय, हे विचारल्याशिवाय आणि योजना-प्रमाणपत्राचा अर्थ त्याच्या भाषेत सांगितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाडेन-व्युर्टेम्बर्गला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, निघण्यापूर्वी, त्याच्या येथील सेवेचा प्रमाणित उतारा द्यावा.

हे शासन करील तेव्हा करील. इटालियन महासंघांनी शासनाची वाट पाहिली नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातील आपल्या युनियन कचेरीत या महिन्यापासून एक वही ठेवता येईल. पहिला रकाना पासपोर्टावरील नाव, अक्षर न अक्षर. दुसरा फंडाचा सार्वत्रिक खातेक्रमांक. तिसरा परदेशी विम्याचा क्रमांक. मग मालकाचे नाव, गेल्याची तारीख, परतल्याची तारीख, काय येणे आहे, दावा कोठे दिला, पोच आली की नाही. आणि एक रकाना वारसाचा. त्यात बाईचे नाव आणि तिचा स्वतःचा दूरध्वनी, दिराचा नव्हे. चिपळूण, महाड, खेड आणि मालेगाव येथून आलेल्या कार्यकर्त्यांनी आज संध्याकाळच्या बैठकीत या वहीचा नमुना पक्का करावा, आणि पहिल्या शंभर नोंदी घेऊन पुढच्या अभ्यासवर्गाला यावे.